अर्ज भरायच्या आधी घरात काय ठरवावं?

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत कार्यालयाबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त लिहिलेलं आहे. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही तीन भाऊ, अकरा एकर वावर, सातबारा सामाईक. बाबा नाहीत. आई आणि दोन लग्न झालेल्या बहिणी आहेत. धाकटा सरपंचपदाला उभा राहतो म्हणतो. गाव अडीच हजार वस्तीचं, सदस्य नऊ. त्याला चार लाख रुपये लागतात. पतसंस्थेचं कर्ज काढायचं आणि आम्ही दोघांनी जामीन राहायचं, नाहीतर तीन एकर एका ओळखीच्या माणसाला 'नावापुरतं' लिहून द्यायचं, असं त्याचं म्हणणं. नाही म्हटलं की तुम्हाला माझं भलं पाहवत नाही, असं ऐकावं लागतं. आई म्हणते, "आपल्याच घरचं मत फुटलं त गावात काय तोंड दाखवू?" काय करावं?
— थोरला भाऊ, दारव्हा तालुका

सुरुवात चार लाखांच्या आकड्यापासून करा. सात ते नऊ सदस्यांच्या गावात सरपंचपदाच्या उमेदवाराला राज्य निवडणूक आयोगाने खर्चाची मर्यादा ७५,००० रुपये घालून दिली आहे. सदस्याला ४०,०००. अकरा-तेरा सदस्यांच्या गावात सरपंचाला १,५०,००० आणि पंधरा-सतरा सदस्यांच्या मोठ्या गावातही २,६५,०००. नवा आदेश निघाला आहे का, ते तहसीलच्या निवडणूक शाखेत विचारून घ्या. पण तुमच्या गावाला चार लाख कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. मग वरचे सव्वातीन लाख कशाला, हे धाकट्याने आईसमोर बसून सांगावं. ढाब्यावरची जेवणं, दारू, शेवटच्या रात्रीची पाकिटं असं उत्तर आलं, तर तो खर्च म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खालची लाच आहे. देणारा आणि घेणारा दोघेही त्यात सापडतात. घरासाठी आणखी एक गोष्ट त्याहून वाईट आहे. या पैशाला पावती नसते. कोणाला किती दिले, कोणी मधेच ठेवले, याचा हिशेब निकालानंतर कोणीच देऊ शकत नाही. भावाभावांत निवडणुकीनंतर जे तुटतं, ते बहुतेक वेळा हरण्यावरून तुटत नाही, या बिनपावतीच्या पैशावरून तुटतं.

'नावापुरतं' लिहून देणे हा शब्द घरातून काढूनच टाका. नोंदणी झालेलं खरेदीखत म्हणजे विक्री. पैसे परत केले की वावर परत, हे तोंडी बोलणं दुय्यम निबंधकाच्या कागदात कुठेच नसतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये अशा जमिनीसाठी वाट ठेवलेली आहे. व्यवहार सावकारीतून झाला असेल तर पंधरा वर्षांच्या आत जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते. पण सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, साक्षीदार गावातलेच असतात आणि तोवर पेरणी दुसराच करत असतो. शिवाय सामाईक वावरातला ठरावीक तुकडा एकट्याने लिहून देता येत नाही, त्याला तुमच्या सह्या लागतात. त्या देऊ नका. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर तर मुळीच नको.

जामीन राहण्याबद्दल घराघरांत एक गैरसमज आहे की आधी कर्जदाराकडून वसूल करतील, मग आपल्याकडे येतील. तसं नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते. यंदाचा सातबारा काढा आणि 'इतर अधिकार' हा रकाना बघा. सेवा सहकारी सोसायटीचा पीककर्जाचा बोजा तिथे लिहिलेला असेल. त्याच रकान्यात दुसरा बोजा चढला आणि थकला, तर खरिपाच्या तोंडावर सोसायटीचा सचिव तिघांनाही उभं करणार नाही. थकबाकीदाराला सोसायटीचा संचालकही होता येत नाही. म्हणजे धाकट्याच्या एका निवडणुकीत तिघांच्याही पुढच्या वाटा अडतात.

आता करायचं काय? ७५,००० च्या आत निवडणूक बसवायची आणि ती रक्कम घराला झेपते का ते बघायचं. उमेदवाराने त्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं असतं. तुम्ही दोघे भाऊ देणार ते पैसे हातात देऊ नका, त्या खात्यात भरा. दहा-दहा हजार देत असाल तर ते उसने की मदत, हे एका कागदावर तारीख घालून लिहा आणि तिघांनी सह्या करा. भावाभावांत कागद कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. कागद नसेल तर पाच वर्षांनी आकडा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो, म्हणून कागद. पांपलेट, बॅनर, भोंग्याचा ऑटो, पेट्रोल, चहा, सगळ्याची पावती त्याच दिवशी वहीत चिकटवा. घरातलं शिकलेलं पोर या वहीला बसवा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो, पडलेल्या उमेदवारालाही. मुदतीत दिला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पडलेले उमेदवार निकालाच्या दुसऱ्या दिवशी वही फेकतात आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना अडकतात.

पैशाइतकाच अंगमेहनतीचा हिशेब ठेवा. निवडणूक पऱ्हाटीच्या (कापसाच्या) वेचणीत किंवा तुरीच्या सोंगणीत आली तर उमेदवार वीस-पंचवीस दिवस वावरात दिसत नाही. त्याच्या वाटचं काम दोन भाऊ आणि दोन वहिन्या ओढतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते दिवस मोजा. तितक्या दिवसांची मजुरी धाकट्याच्या वाट्यातून जाईल, हे आधीच ठरवा. घरातल्या बायकांचा राग निवडणुकीवर कमी आणि या न मोजलेल्या दिवसांवर जास्त असतो. तो राग रास्त आहे.

इतकं करूनही तो वावराला हात घालायचंच म्हणत असेल, तर आधी वाटणी करा. सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क १०० रुपये आहे. सातबाऱ्यावर तिघांचीच नावं असली तरी आई आणि बहिणींचा हक्क विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणींना वगळून केलेली वाटणी पुढे उलटते. हक्कसोड द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, भाऊबीजेच्या ताटापुढे बसवून त्यांच्याकडून सही घेऊ नये. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला १५ दिवस असतात. त्यामुळे प्रचार सुरू झाल्यावर हे काम काढू नका, सहा महिने आधी काढा. वाटणीनंतर तो स्वतःच्या वाट्याचं काय करायचं ते करील. आईला मात्र समजावून सांगा की वावर वेगळं झालं म्हणून चूल वेगळी होत नाही. आणि मत तर गुप्तच असतं. कोणाचं कुठे पडलं हे बटण दाबणाऱ्यालाच ठाऊक.

प्रश्न : आमच्या गावचं सरपंचपद ओबीसी महिलेसाठी सुटलं आहे. माझा जन्म १९९६ चा, बारावी झाले आहे, दोन मुलं आहेत. मला खरंच काम करायचं आहे. सासरे म्हणतात, "तू फक्त सही कर, कारभार आम्ही पाहू." आमचा गोठा आबादीच्या जागेत थोडा पुढे आलेला आहे, असंही लोक बोलतात. घराशी बेइमानी न होता हे कसं निभावावं?
— एक सून, तेल्हारा तालुका

उभ्या राहा. १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं, तुम्ही बारावी आहात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर अपात्रता येते, तुमची दोन आहेत. या दोन बाबी मोकळ्या आहेत. अडचण दोन कागदांत आहे आणि दोन्ही आजपासून हातात घ्या.

पहिला कागद जातीचा. बाईची जात माहेरची धरतात, सासरची नाही. सासरच्यांकडे हे पुष्कळदा अर्ज भरायच्या आठवड्यात लक्षात येतं आणि मग माहेरी फोन जातात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो : वडील, आजोबा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. जुन्या नोंदीत आडनाव वेगळं असेल किंवा जात अपुरी लिहिलेली असेल, तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राची तयारी ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडा. वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती जोडावी लागते, आणि निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं. निवडून आलेल्या कितीतरी बाया या एकाच कारणाने घरी बसल्या आहेत. म्हणून तुमच्या उमेदवारीत माहेरचा भाऊ सासऱ्यांइतकाच महत्त्वाचा आहे, हे घरात उघड बोला.

दुसरा कागद गोठ्याचा. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्य अपात्र ठरतो. गोठा सासऱ्यांचा आहे, माझा नाही, असं म्हणून सुटका होत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुटुंबातल्या माणसाने केलेलं अतिक्रमण पुढे घरातले वापरत असतील, तर तेही धरलं जाईल. ते प्रकरण आपल्याच वाशिम जिल्ह्यातलं होतं. तेव्हा तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई (सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही) मध्ये तुमच्या घराची नोंद आहे का बघा, ग्रामपंचायतीत नमुना आठवर जागेचं मोजमाप बघा. शंका असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. चार फूट पुढे आलं असेल तर चार फूट मागे घ्या. टिनं काढा, खुंटे उपटा, पंचनामा करून घ्या, तारखेसह फोटो ठेवा. हे अर्ज भरण्याच्या आधी झालं पाहिजे. निवडून आल्यावर पडलेला प्रतिस्पर्धी जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली जातो, तेव्हा नंतर काढलेल्या गोठ्याचा फारसा उपयोग होत नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टीही भरून टाका. मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तरी अपात्रता येते. बिल सासऱ्यांच्या नावाचं असलं तरी थकवू नका, तक्रार तिथूनच सुरू होते.

आता "तू फक्त सही कर." सासऱ्यांच्या मनात वाईट असेलच असं नाही. त्यांनी वीस वर्षं गावकी केली असेल आणि सुनेला त्रास नको असंही त्यांना वाटत असेल. पण सही ही जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीच्या पैशाला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आधीचे ग्रामसेवक) या दोघांच्या सह्या लागतात. वित्त आयोगाचा पैसा तर डिजिटल सहीने निघतो. ती पेनड्राइव्हसारखी किल्ली आणि तिचा पासवर्ड तुमच्या कपाटात असावा. सासऱ्यांच्या खिशात नको, कार्यालयातल्या ड्रॉवरमध्येही नको. मासिक सभेचं प्रोसिडिंग बुक (इतिवृत्ताची वही) ओळी कोऱ्या सोडून पुढे केलं, तर त्या ओळींवर आडवी रेघ मारल्याशिवाय सही करू नका. नालीचं बिल असेल तर आधी जाऊन नाली बघा. गैरव्यवहार निघाला तर कलम ३९ खाली पदावरून काढतील ते तुम्हाला. चौकशी तुमची होईल आणि वसुलीही तुमच्याकडून. सासऱ्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसेल.

आणखी एक, घरचा ट्रॅक्टर. ग्रामपंचायतीच्या कामावर घरचा ट्रॅक्टर लावला, दिराच्या नावाने मुरूम टाकला, तर पंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध म्हणून तुमचं सदस्यत्व अडचणीत येतं. निवडून यायच्या आधीच घरात सांगून टाका की पाच वर्षं आपला ट्रॅक्टर पंचायतीच्या कामावर जाणार नाही.

सासऱ्यांना बाजूला सारू नका. मासिक सभेत त्यांनी बसायचं नाही, पण ग्रामसभेत ते मतदार म्हणून बसू शकतात आणि बोलूही शकतात. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी तितकी गणपूर्ती लागते. बहुतेक गावांत ती होतच नाही. लोकांना घरोघरी जाऊन बोलावून आणणं, पांदण रस्त्यासाठी धुऱ्याशेजारच्यांची समजूत काढणं, ही कामं जुना माणूसच करू शकतो. ती त्यांना मागून द्या. सुनेने आपल्याला काम सांगितलं, यात मान आहे. सुनेने आपल्याला लपवलं, यात नाही.

प्रश्न : मी आणि माझा चुलत भाऊ समोरासमोरच्या पॅनेलमध्ये आहोत. विहीर सामाईक आहे. त्यात आचारसंहितेच्या काळात पुतणीचं लग्न. संबंध कसे टिकवावे?
— नरखेड तालुका

समोरासमोर उभं राहणं आपल्याकडे नवं नाही. शेजारच्या काटोलला २०१४ मध्ये पुतण्या आशिष देशमुखांनी काका अनिल देशमुखांना हरवलं. पुसदला २०१९ मध्ये नाईक घराण्यातलेच दोघे, इंद्रनील आणि निलय, एकमेकांविरुद्ध लढले. अहेरीला २०२४ मध्ये धर्मरावबाबा आत्रामांसमोर त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव दोघेही होते, आणि निवडून धर्मरावबाबा आले. पण या घरांची पाण्याची पाळी एका विहिरीवर अडकलेली नसते, तुमची आहे. त्यामुळे मोटारीची पाळी आजच लिहून काढा : कोणते वार कोणाचे, थ्री फेज रात्रीची असेल तेव्हा काय, मोटार जळली तर खर्च कसा. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत निवडणुकीचा राग सगळ्यात आधी स्टार्टरवर निघतो.

लग्नाचं म्हणाल तर पत्रिकेवर पॅनेल, चिन्ह किंवा उमेदवार म्हणून कोणाचंही नाव नको. मांडवात भाषण नको. जेवण घरचं आणि निमंत्रितांचंच ठेवा, सगळ्या गावाला पंगत दिली तर ती उमेदवाराच्या खर्चात धरा म्हणून तक्रार होते. आचाऱ्याचं आणि मंडपाचं बिल मुलीच्या वडिलांच्या नावाने घ्या. वाढायला दोघे भाऊ सोबत उभे राहा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद सदस्य आहे, एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. अध्यक्षपदाच्या निवडीत माझे मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ) दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहेत आणि मला तिकडे मत द्यायला सांगतात. ग्रामपंचायतीत असताना असं चालायचं.
— बुलडाणा जिल्हा

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून तिथे चालून जायचं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागू आहे. पक्षाने व्हिप (कोणाला मत द्यायचं याचा लेखी आदेश) बजावला आणि तुम्ही विरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात, तर पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे तुमच्या अपात्रतेचं प्रकरण उभं राहू शकतं. मोठ्या बाबांना हे कागद दाखवून सांगा. तुमचं पद गेलं तर घराच्या हाती काहीच उरत नाही, हे त्यांनाही पटेल. पाया पडा, पण मत पक्षाला द्या. आणि निवडीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे मुक्कामाला जाऊ नका.

प्रश्न : माझी मोठी जाऊ थेट निवडून आलेली सरपंच आहे, मी सदस्य. निवडून येऊन दीड वर्ष झालं. बाकीचे सदस्य अविश्वास ठरावावर माझी सही मागतात. तिचं एक बिल मलाही पटलेलं नाही. सही केली तर घर तुटेल.
— समुद्रपूर तालुका

सही आज करूच नका, कारण ती चालणारच नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर आणला तरी कायद्याने ठरवलेल्या संख्येइतक्या सदस्यांच्या सहीची नोटीस तहसीलदारांकडे द्यावी लागते, ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात, तिथे तीन-चतुर्थांश मतं लागतात आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदानाने ते मंजूर व्हावं लागतं. दीड वर्षाला सह्या गोळा करणाऱ्यांना हे माहीत असतं. त्यांना ठरावापेक्षा तुमची सही असलेला कागद गावात फिरवायचा असतो.

न पटलेल्या बिलाचं मात्र सोडू नका. आधी जावेला एकटीला गाठून विचारा, चारचौघांत नाही आणि सासूबाईंसमोर नाही. मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत मागा. तिने दाखवली आणि चूक सापडली, तर पुढच्या मासिक सभेत ते बिल दुरुस्तीला ठेवायला तिलाच सांगा. नाही दाखवली, तर सभेत तुमचा विरोध नावासह प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या आणि त्या ठरावाची प्रत मागून ठेवा. विरोध नोंदवलेला असेल तर पुढे वसुली निघाली तेव्हा तुमच्या हातात काहीतरी कागद असेल. घरी येताना जावेसोबतच या.